आंब्यावरचा करपा आणि आमच्या मांगरातली वीस फळांची परीक्षा

फोन येतो तो साधारण आठव्या दिवशी. पेटी पोचल्यावर पहिले तीन-चार दिवस लोक आंबे नुसते हुंगत असतात, मग रंग चढायला लागतो, आणि एका सकाळी कोथरूडहून नाहीतर डोंबिवलीहून आवाज येतो, "ताई, आले तेव्हा अगदी गोरेगोमटे होते हो, आज बघते तर काळे ठिपके." पूर्वी मी सांगायची, गाडीत तापले असतील, पेटी कुणी आपटली असेल, पेंढा ओला राहिला असेल. खोटं बोलत नव्हते, मला तसंच वाटायचं. देवगड तालुक्यात खाडीच्या वरच्या अंगाला कातळावर आमची ११० कलमं आहेत, सासऱ्यांनी सुरुंगाने खड्डे फोडून लावलेली. ती माझ्याकडे आली तेव्हा मला आंबा खाण्यापलीकडे फारसं काही येत नव्हतं.

आमच्याकडे आंबे उतरवायला एक म्हातारे गडी यायचे. एकदा झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, गडग्याला टेकवून ठेवता ठेवता मला म्हणाले, "वयनीनू, झाडार सगळेच आंबे बरे दिसतत. अढीत घालून बघा, मगे कळात." अढी म्हणजे पेंढ्यावर आंबे पिकायला मांडतात ती. ते बोलत होते साक्याबद्दल, म्हणजे आतून गर बिघडतो त्याबद्दल, पण मी ते वाक्य करप्याला, त्या काळ्या ठिपक्यांच्या रोगाला लावलं. कुठल्या झाडाला, कुठल्या जातीला करपा कमी लागतो हे प्रयोगशाळेशिवाय कसं तपासायचं, त्याची जी रीत गेल्या काही हंगामांत बसत गेली ती इथे लिहिते. फवारणीचं वेळापत्रक दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ देतंच, ते उतरवून काढण्यात अर्थ नाही.

ठिपका येतो कुठून

करपा ही बुरशी. नाव कोलेटोट्रायकम ग्लिओस्पोरिऑइडिस. एकदा म्हणून बघा आणि सोडून द्या. हीच पानांवर तपकिरी डाग पाडते, हीच मोहोर काळा करते, वाटाण्याएवढी फळं गाळते आणि पिकल्या आंब्यावर काळे, किंचित खोलगट डाग पाडते. तिचा मुक्काम असतो सुकलेल्या काटक्यांवर, रोगट पानांवर, गेल्या वर्षीच्या मोहोराच्या वाळून लोंबणाऱ्या दांड्यांवर. पाऊस आला, दाट धुकं पडलं, दंव ठिबकलं की तिथले बीजाणू थेंबाबरोबर खाली ओघळतात. पिकल्या आंब्यावर कधी कधी देठाकडून टोकाकडे अश्रू ओघळल्यासारखी काळी रेघ दिसते, तो त्या थेंबाचा रस्ता. असा आंबा झाडावर जिथे होता तिथे वर नजर टाका, बहुतेक वेळा डोक्यावर एखादी मेलेली काटकी असते.

बीजाणू कोवळ्या फळाला चिकटतो, रुजतो, एक काळपट गाठ धरतो आणि त्या गाठीतून बारीक खुंटी सालीच्या मेणचट थरात घुसवतो. मग गप्प बसतो. दोन-दोन महिने गप्प. कैरीच्या सालीत आणि चिकात रेसॉर्सिनॉल गटातली द्रव्यं असतात, ती बुरशीला पुढे सरकू देत नाहीत. आंबा पिकायला लागला की ही द्रव्यं कमी होतात, साल मऊ पडते, साखर वाढते आणि बसलेला पाहुणा उठतो. म्हणजे ठिपका मे महिन्यात पुण्याच्या स्वयंपाकघरात दिसला तरी तो फेब्रुवारी-मार्चमध्ये देवगडला पडलेला असतो. आणि पेटीतल्या त्या चार-आठ दिवसांत करपा सहसा एका आंब्यावरून दुसऱ्यावर जात नाही. त्या गाडीवाल्याला मी इतकी वर्षं उगाच बोल लावले.

यातून दोन गोष्टी निघतात. झाडावरच्या कैरीकडे बघून ती निरोगी आहे की नाही हे कुणालाही सांगता येत नाही, अनुभवी माणसालासुद्धा नाही. आणि जातीजातींत जो फरक असतो त्यात सालीचा आणि चिकाचा वाटा मोठा असतो. श्रीलंकेत आणि ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये झालेल्या संशोधनात चिकाचा हा संबंध दिसला आहे: चीक काढून टाकलेली फळं जास्त कुजतात.

"करपा न येणारी जात द्या"

रोपवाटिकेत लोक असं मागतात तेव्हा मला हसू येतं, कारण मीही मागितली होती. करपा अजिबात न येणारी आंब्याची व्यापारी जात जगात कुठेही नाही. कमी-जास्त एवढंच. आपला हापूस या बाबतीत नाजूक, आणि भुरीच्या, म्हणजे मोहोर पांढरा करणाऱ्या दुसऱ्या बुरशीच्या बाबतीत तर फारच नाजूक. केसरलाही भुरी धरते. नीलम आणि तोतापुरी भुरीला बऱ्यापैकी तोंड देतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा टॉमी अॅटकिन्स करप्याला मध्यम प्रतिकार करतो, जाड सालीचा, लालभडक, दिसायला देखणा. मी एकदा मुंबईत खाल्ला. रोग का येत नाही ते कळलं. बुरशीलाही चव असते. ज्या हेडन जातीच्या बीपासून तो निघाला ती मात्र करप्याला बळी पडणारी, म्हणजे आईकडे बघून लेकराचं भाकीत करता येत नाही. दापोलीने हापूस आणि टॉमी अॅटकिन्सचा संकर करून 'कोकण सम्राट' काढलाय. क्वीन्सलंडमध्ये तर आपल्या आंब्याचा एक जंगली चुलता, मॅन्जिफेरा लॉरिना, त्यातलं 'लोंबोक' नावाचं वाण करप्याला चांगलंच दाद देत नाही असं आढळलं आणि संकरासाठी घेतलं गेलं.

रत्ना आणि सिंधू या जातींबद्दल एक घोटाळा नेहमी होतो. रत्ना १९८१ साली आली, नीलम आणि हापूसच्या संकरातून. सिंधू १९९२ साली, रत्नावर पुन्हा हापूसचा संकर करून. रत्नाचं मोठेपण म्हणजे तिच्यात साका होत नाही. साका म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा, आंबूस होणं. तो रोगच नाही, बुरशीशी त्याचा काही संबंध नाही, ती फळाच्या आतली बिघाडाची अवस्था आहे आणि कातळाच्या उष्णतेशी तिचं नातं आहे. "रत्नाला काही होत नाही" असं कुणी सांगितलं तर विचारा, काय होत नाही?

आता सगळ्यात महत्त्वाचं. रोग सोसणं वेगळं आणि रोग चुकवणं वेगळं. ज्या झाडाला नोव्हेंबरात मोहोर येतो त्याची फळं एप्रिलच्या सुरुवातीला उतरतात, वळीव यायच्या आधी पेटीत जातात. ती स्वच्छ राहतात, कारण त्यांची आणि पावसाची गाठच पडत नाही. माझं विहिरीच्या वाटेवरचं एक हापूसचं कलम असंच होतं. दोन हंगाम त्याच्या आंब्यावर एक ठिपका नाही. मी त्याच्या काड्या घेऊन ३० कोय कलमं (कोयीच्या कोवळ्या रोपावर काडी बांधून केलेली) बांधली, शेजारणींना दिली, आणि वर फुशारकी मारली ती वेगळीच. तिसऱ्या वर्षी थंडी उशिरा पडली, त्या कलमालाही इतरांबरोबर जानेवारीत मोहोर आला, मार्चमध्ये दोन दिवस मळभ येऊन सरी पडल्या, आणि मे महिन्यात त्याचे आंबे बाकीच्यांइतकेच काळे. हापूस तो हापूसच. खालची सगळी खटपट आहे ती ही फसगत टाळण्यासाठी.

परीक्षेची तयारी

तुलना एकाच वेळच्या मोहोराच्या फळांत करायची. आमच्याकडे हापूसला दोन-तीन खेपांत मोहोर येतो. फळ वाटाण्याएवढं झालं की फांदीला रंगीत सुतळी बांधते: पहिल्या मोहोराला पांढरी, दुसऱ्याला लाल. वेगवेगळ्या जातींची तुलना करतानाही ज्यांचा मोहोर एकमेकांपासून आठवडाभराच्या आत उमलला अशाच फांद्या धरायच्या. नाहीतर जातीची नव्हे, पंचांगाची परीक्षा होते.

त्या फांद्यांवर बुरशीनाशक मारायचं नाही. हे जिवावर येतं, मला माहीत आहे. अख्खं झाड सोडवत नसेल तर वाऱ्याच्या वरच्या बाजूची एक मोठी फांदी सोडा. शेजारच्या झाडाचा फवारा उडून आला तर सगळं मुसळ केरात. तुडतुड्यांची फवारणी मात्र करा. तुडतुड्यांचा गोड चिकटा पडून त्यावर काजळी धरली की सालीवरचं काहीच नीट वाचता येत नाही.

पावसाची नोंद ठेवा. सरळ उभ्या कडांचा स्टीलचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि सकाळी पट्टी बुडवून मिलिमीटर मोजायचे, एवढं पुरतं. पाण्यापेक्षाही मोहोर किंवा कोवळं फळ किती वेळ ओलं राहिलं हे जास्त महत्त्वाचं, म्हणून मी वहीत "दंव नऊपर्यंत", "मळभ, दुपारी सुकलं" असं लिहिते. बुरशीला लागतं ओल आणि साधारण २५ ते २८ अंशांची ऊब. कडक उन्हात तिचं काही चालत नाही. भुरीचं उलट: तिला पाऊस नको, थंड रात्री आणि कोरडे दिवस हवेत. म्हणून ज्या वर्षी भुरीने मोहोर पांढरा केला त्या वर्षी करपाही येणारच असं नाही.

उतरवणी

प्रत्येक झाडाची २० फळं. पाच फळांवरून काही ठरत नाही, त्यात नशीबच जास्त असतं. चारी दिशांना पाच-पाच, त्यातही काही आतली, काही बाहेरची, काही खालची. हाताला येतील ती खालची फळं तोडून मोकळं होऊ नका; खाली ओल जास्त, तिथली फळं झाडाची बदनामी करतात.

सगळी फळं चौदा आण्याची, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झालेली. खांदे देठाच्या वर आलेले, हिरव्यात किंचित पिवळट झाक. शंका आली तर बादलीत टाकून बघते: तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. कोवळं फळ नीट पिकतच नाही, सुरकुततं, आणि त्यावर ठिपके कमी दिसले तरी त्याला गुण द्यायचे नसतात.

देठ निदान इंचभर ठेवून काढायचं. नूतन झेल्याने हे सहज जमतं. देठ मुळातून तुटला की चीक उडतो, साल भाजते आणि त्या भाजक्या डागांची करप्याशी गल्लत होते. शिवाय चीक फळातच राहिला तर बरा, हे वर आलंच. आंबे उघड्या जमिनीवर ठेवायचे नाहीत, आणि परीक्षेच्या फळांना गरम पाणी नाही, औषधाची बुडी नाही, काही नाही.

अढी

प्रत्येक फळावर न पुसणाऱ्या पेनाने क्रमांक. झाडाचं नाव लिहायचं नाही, फक्त आकडा. कुठला आकडा कुठल्या झाडाचा हे वहीत, आणि वही कपाटात. कारण सांगते. विहिरीजवळचं ते कलम मला आवडायचं, आणि त्याचा ठिपका मोजताना माझा हात आखडायचा. आता मोजायला जाऊबाईंची मुलगी असते, सुट्टीत आलेली. तिला कुठल्याही झाडाशी देणंघेणं नाही, ती फक्त प्रत्येक डझनामागे एक आंबा मागते.

मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, सावलीत, कोरड्या पेंढ्यावर, एकाच थरात आंबे मांडायचे. वेगवेगळ्या झाडांची फळं मिसळून ठेवायची, म्हणजे एका झाडाचे सगळे कोपऱ्यात आणि दुसऱ्याचे सगळे दाराशी असं होत नाही. पिकवायला पावडर वगैरे नाही. कार्बाइडला कायद्याने बंदी आहे हे सांगायला नकोच.

ज्यांना अजून खोलात जायचंय त्यांनी २० मधली १० फळं वेगळी काढून झाकणाच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये ठेवावीत, तळाशी ओलं फडकं, फळं त्याला न टेकतील अशी. दोन दिवसांनी बाहेर काढून बाकीच्यांसारखी पिकू द्यावीत. ही कडक परीक्षा. साध्या अढीत दोन झाडं सारखीच दिसतात, ओल्या क्रेटमधून एक काळंठिक्कर निघतं आणि दुसरं तग धरतं, असं मी पाहिलंय.

मोजायचं कधी? तारखेवर नाही, पिकण्यावर. प्रत्येक फळ पूर्ण पिकलं, म्हणजे वास सुटला आणि अंगठ्याखाली साल दबली, की त्या दिवशी एकदा, आणि तीन दिवसांनी पुन्हा. तारखेवर मोजायची चूक मी पहिल्या वर्षी केली. दहाव्या दिवशी सगळे आंबे मोजले, आणि जी जात सावकाश पिकते तिला पहिला नंबर दिला. ती अजून कैरीच होती, ठिपके यायचे होते.

गुण असे देते: काहीच नाही तर शून्य, टाचणीच्या डोक्याएवढे थोडे ठिपके तर १, रुपयाच्या नाण्याएवढा डाग किंवा बरेच ठिपके जुळलेले तर २, पाव हिस्सा साल काळी तर ३, अर्ध्याहून जास्त तर ४. वीस फळांची बेरीज. शून्य ते ८० मध्ये झाडाचा आकडा येतो. आणखी गणित करायची गरज मला तरी पडली नाही.

कुठला डाग कशाचा

करप्याचा डाग काळा, कडा अस्पष्ट, पुढे किंचित दबलेला, आणि दमट हवेत त्यावर कधी कधी फिकट नारिंगी-गुलाबी ओलसर पुंजके दिसतात. ते दिसले की खात्रीच. सुरुवातीला कापून बघितलं तर काळेपणा सालीपुरताच असतो, आतला गर चांगला. म्हणून तर गिऱ्हाइकाला मी सांगते, ठिपका दिसला की लगेच खा, टाकू नका.

देठकुज वेगळी. ती देठाच्या भोवती तपकिरी कड्यासारखी सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत अख्खा आंबा पाणचट करून सोडते. तिची बुरशी दुसरी, बहुतेकदा लॅसिओडिप्लोडिया. ती झाडाच्या काडीत आणि देठातच लपून राहते आणि फळ काढल्यावर आत उतरते. परीक्षेच्या वहीत तिचा रकाना वेगळा. दोन्ही एकत्र मोजलेत तर जातीबद्दल चुकीचंच काही हाताला लागेल.

फुलकिडीने खरवडलेली साल करड्या खपलीसारखी असते आणि ती कैरीवरच दिसते, पिकल्यावर वाढत नाही. चिकाचा डाग देठाजवळून ओघळलेला, चकचकीत, उतरवल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच दिसतो. जिवाणूचा काळा ठिपका उंचवट्यासारखा, मधे तारेसारखा चिरलेला. फळमाशीच्या टोचणीखाली दाबलं की मऊ लागतं, आणि कापलंत तर आत काय वळवळतं ते सांगत नाही. सालीवरची बारीक रंध्रं गर्द होतात तेही लोक करपा समजतात. ती सगळीकडे सारखी पसरलेली असतात, करपा असा शिस्तीत येत नाही.

माझ्या वहीत काय निघालं

हे माझ्या कातळापुरतं. तुमच्याकडे वेगळं निघेल, म्हणून तर परीक्षा घ्यायची.

पहिली गोष्ट मला अपेक्षित नव्हती: जातीजातींतल्या फरकापेक्षा जागेजागेतला फरक मोठा निघाला. कातळाच्या कडेची, समुद्राचा वारा अंगावर घेणारी हापूसची कलमं आणि खालच्या घळीत फणसाच्या सावलीत दाटीने उभी असलेली हापूसचीच कलमं, यांच्या आकड्यांत दुपटीहून जास्त अंतर. दंव वर आठला सुकतं, खाली साडेदहापर्यंत राहतं. जात एकच, काड्याही एकाच झाडाच्या.

केसरने मला निराश केलं, करप्याच्या बाबतीत तो हापूसच्या शेजारीच बसला. पायरी लवकर पिकते आणि लवकर संपते, त्यामुळे ठिपक्यांना वेळच मिळत नाही; ठेवली तर पडतात. आणि गडग्याबाहेर, कुणीही न लावलेला एक रायवळ आहे. फळ मुठीएवढं, धागेदार, चीक असा की ओठ सोलून निघतात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने वर सरकत गेलं, झाडावर उरलेले आंबे दोन दिवस भिजत होते, आणि त्यानंतर मांगरात जे जे पिकलं ते काळं पडलं. त्या रायवळाचे आंबे सोडून. त्यांच्यावर टाचणीभर ठिपके होते तेवढेच. त्याचा मोहोर इतरांबरोबरचाच होता, पाऊसही त्याने तोच खाल्ला, म्हणजे हे चुकवणं नव्हे. त्यानंतरच्या हंगामांतही त्याचा आकडा खालीच राहिला.

तीन हंगामांआधी कुठल्याही झाडाबद्दल मत करू नका. त्यातलं निदान एक वर्ष पावसाळी हवं. कोरड्या वर्षी सगळेच साव असतात.

आकडे हातात आल्यावर

घळीतल्या कलमांसाठी जात बदलायची नाही, उजेड आणायचा असं ठरवलं. आंबे उतरले की मिरगाच्या आधी सुकल्या काटक्या, वाळल्या मोहोराच्या दांड्या, आत घुसलेल्या फांद्या काढायच्या आणि बागेबाहेर नेऊन जाळायच्या. मधली एक-दोन जाड फांदी काढून झाडाचं पोट उघडायचं. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट. पानांवर एक टक्का बोर्डो मिश्रण: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं विरघळवून मग एकत्र ओतायचं, प्लॅस्टिकच्या पिंपात, लोखंडी भांड्यात नाही. झाल्यावर त्यात घासलेला लोखंडी खिळा धरायचा. तांबूस झाला तर चुना कमी पडलाय. मोहोरावर मी बोर्डो मारत नाही, तिथे विद्यापीठाच्या वेळापत्रकातलं त्या वर्षीचं औषध, लेबलवर लिहिलेल्या मात्रेत, आणि लागोपाठ दोनदा तेच नाही. त्याच त्या औषधाची बुरशीला सवय होते.

फळ अंड्याएवढं झालं की कागदी पिशव्या. २५ बाय २० सेंटीमीटरच्या. सगळ्या झाडांना जमत नाही, मजुरी परवडत नाही. ज्यांचा आकडा वाईट त्या घळीतल्या दहा-बारा कलमांनाच मी घालते. ओघळणारा थेंब पिशवीवरून जातो. पावसाने लगदा झालेली पिशवी मात्र बदलायला हवी.

उतरवल्यानंतरचा एकच उपाय मला पटलेला आहे, तो गरम पाण्याचा. ५२ अंश, दहा मिनिटं, उतरवल्याच्या दिवशीच, मग सावलीत गार करून पूर्ण सुकवायचं. सालीखाली बसलेली बुरशी यात बरीचशी मरते, फळ शिजत नाही. पण थर्मामीटर लागतोच. पहिल्या वर्षी मी न्हाणीघरातल्या हंड्यात, हात पोळतो की नाही या अंदाजाने चार डझन बुडवले. खांद्यापाशी साल तपकिरी झाली, आत टणक गाठी राहिल्या, त्या आंब्यांची आंबापोळीसुद्धा झाली नाही. आंबे टाकले की पाणी थंड होतं, ते पुन्हा ५२ वर आणायचं आणि तिथून दहा मिनिटं मोजायची. एका वेळी थोडे आंबे, मोठं भांडं. कोवळ्या फळांना हे करू नये, भाजतात. निर्यातीसाठी ४८ अंशांवर तासभर ठेवतात ते फळमाशीसाठी, त्याची यात गल्लत नको.

रायवळाच्या कोयी मी गेल्या जूनमध्ये रुजत घातल्या. कोय कलमासाठी खुंट म्हणून नाही, खुंटामुळे फळाची साल बदलेल असं मी धरून चाललेले नाही. त्यातली चार-पाच रोपं तशीच वाढवून, फळ आल्यावर त्यांची वीस-वीस फळं अढीत घालून बघायची आहेत. बियांच्या झाडाला फळ यायला सात-आठ वर्षं सहज लागतात. जाऊबाईंची मुलगी तोवर कॉलेजात असेल, म्हणून क्रमांकांची वही तिच्याच अक्षरात सुरू केली आहे.